महादू, तोंडावरचं फडकं का काढलंस?

लेका महादू, काल तुझं तेरावं झालं. पंगत उठली, मुंबईची माणसं दुपारच्या लाँचने परत गेली, आणि मी सवयीने उठून तुझ्या बर्फाच्या कारखान्याकडे चालत आलो. दाराला कुलूप. इंजिन गप्प. ओट्यावर माझ्या ठरलेल्या जागी बसलो, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तोंडातून निघून गेलं, "तुटला होता." मग उत्तराची वाट बघत बसलो, वेडा. समोर जाळं दुरुस्त करत बसलेल्या माणसाने मान वर केली आणि परत खाली घातली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की तू उत्तर द्यायला नाहीस, आणि असतास तरी मला आता तसं म्हणायची सोय राहिलेली नाही. का राहिली नाही, तेच तुला सांगायला हे लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगणार?

वर्तमानपत्रात तुझ्यावर चार ओळी आल्या. हुतूतूचा नामवंत खेळाडू, रेडिओवरचा लाडका आवाज, बर्फाच्या कारखान्याचा मालक. सगळं खरं, आणि त्यात तू कुठेच नाहीस. तू म्हणजे ते भांडण. या ओट्यावर बसून आपण जे रोज घातलं, जे सगळ्या करंजा गावाला पाठ होतं. तू म्हणायचास, "पंचा, माझा दम तुटला नव्हता." मी म्हणायचो, "तुटला होता." मग चहा यायचा.

भातकापणी झाली की आपण खारीच्या शेतात मैदान आखायचो. जमिनीवर मिठाची पापडी धरलेली असायची. पकडीत आपटलं की गुडघे सोलायचे आणि सोललेल्यात ते मीठ जायचं. बाकीचे पोरगे बोंबलायचे. तू मात्र म्हणायचास, "आता मी वर्षभर टिकतो, खारवलाय मना." तुझ्या उजव्या हाताला मी, माझा डावा हात तुझ्या हातात, अशी आपली साखळी. समोरचा गडी चढाईला आला की तू माझी बोटं अशी आवळायचास की नंतर जेवताना घास धरता यायचा नाही. आज लिहिताना डावा हात असाच कागदावर पडलाय, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

आणि तुझी चढाई. हुतूतू, हुतूतू, हुतूतू, एका दमात, आवाजात कुठे चीर न पडता, समोरची अख्खी बाजू हिंडून तू परत यायचास आणि वर आमच्याकडे बघून भुवई उडवायचास. त्या भुवईचा मला फार राग यायचा. दम तुटला की गडी बाद, हा खेळाचा कायदा. तो तुझ्यासाठी केलेलाच नाही असं तुला वाटायचं. जाताना वाकून मधल्या रेषेला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, आणि उजवा पाय आत टाकायचा. एवढा मान तू रेषेला द्यायचास. पंचाला कधी दिला नाहीस.

पुढे माझा गुडघा गेला आणि मी शिट्टी हातात घेतली. मिठागरावर मुकादम, मैदानावर पंच. माझा कान तिखट, हे तूच गावभर सांगितलंस. म्हणून तर जत्रेच्या त्या सामन्याला दोन्ही बाजूंनी माझंच नाव घेतलं. तू तेव्हा तिशी ओलांडली होतीस. शेवटची चढाई, समोरच्यांनी तुला मधोमध धरला, पाठीवर, पायावर, कमरेला माणसं. तू त्यांना घेऊन सरपटत निघालास. लोक असे ओरडत होते की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. तुझा हात रेषेवर पडला आणि मी शिट्टी वाजवून तुला बाद दिला, कारण हात पडायच्या आधी आवाज थांबला होता. मला तसंच ऐकू आलं. तू तोंड मातीतून वर काढून माझ्याकडे बघितलंस. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. पुन्हा कधी खेळला नाहीस.

गावाला वाटलं आपण आता एकमेकांचं तोंड बघणार नाही. तू दुसऱ्या दिवशी दुपारी मिठागरावर आलास, माझ्या झोपडीत बसलास आणि म्हणालास, "आता बोल. कसा तुटला?" तिथून जे सुरू झालं ते परवापरवापर्यंत.

रेडिओवाल्यांनी तुला सामन्याचं वर्णन करायला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा तू माझा कोट मागून नेलास. मी म्हटलं, रेडिओत कोट कुणाला दिसतो? तू म्हणालास, "मना दिसतो." मोरा बंदराच्या धक्क्यावर तुला सोडायला आलेलं ते लटांबर आठवतं? जसा काही तू विलायतेला निघाला होतास. संध्याकाळी वाण्याच्या दुकानापुढे बॅटरीवरच्या रेडिओभोवती अर्धा गाव बसला, आणि तुझा आवाज आला. "आणि आता हा चपळ खेळाडू अत्यंत कौशल्याने निसटत आहे." म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. खुद्द तुझी बायको, शेवंती वहिनी, म्हणाली, "ह्यो आपला नव्हं." तू परत आलास आणि मी तुला धक्क्यावरच धरला. म्हटलं, निसटत आहे म्हणे. जन्मात कधी म्हटलंस का तसं? सटकला म्हणायला काय जीभ झडत होती? मग हळूच म्हणालास, "तिथं हाय म्हटलं का साहेब हसतो. एकदाच हसला. मना पुरलं."

तुझी बोली तू घालवली नाहीस, ती धक्क्यावर आमच्याजवळ ठेवून जायचास आणि येताना घ्यायचास, हे मला दिसत होतं. ते सांगायचं राहिलं.

पण एक गोष्ट त्यांना तुझ्याकडून काढून घेता आली नाही. तो साहेब काचेपलीकडून हात हलवून सांगायचा म्हणे, मध्ये थांबा, श्वास घ्या. तुला ते कधीच जमलं नाही. गडी रेषा ओलांडून गेला की तू बोलायला लागायचास आणि तो परत येईपर्यंत थांबायचा नाहीस. तो तिकडे दम घुमवतोय, तू इकडे. ऐकणारे आम्हीसुद्धा श्वास धरून. गडी परत आला की वाण्याच्या दुकानापुढे सगळे एकदम हुश्श करायचे आणि वाणी म्हणायचा, दिवा विझवाल माझा.

मग ते मलम. गुडघेदुखीच्या मलमाच्या डबीवर तुझा फोटो आला, दंड फुगवून, आणि त्या शहाण्यांनी तुला रंगाने मिशी चढवली होती. वहिनीने डबी हातात घेऊन बघितली, उलटी केली, सुलटी केली, आणि विचारलं, "ह्यो बाबा कोन?" तू त्या मिशीपायी महिनाभर चावडीकडे फिरकला नाहीस. मी मात्र माझ्या गुडघ्याला तेच मलम लावायचो आणि तुला ऐकू जाईल असं म्हणायचो, काही गुण नाही याला. खोटं होतं ते. थोडा होता. मागल्या वर्षी कुणी तरी सांगितलं, दिल्लीत चित्रं दिसणारा रेडिओ निघालाय. तू लगेच, "मुंबईला येऊ दे, मी त्याच्यात जाणार." मी म्हटलं, तेव्हा मिशी खरी वाढवावी लागेल. किती हसलास रे. आता ते यंत्र येईल न् लोक बघतील, आणि मी बघणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो.

बर्फाच्या धंद्याला माझा पहिल्यापासून विरोध. मी म्हटलं होतं, पाणी विकणार, तेही गिऱ्हाइकाच्या हातात पडायच्या आत निम्मं जाणार, याला धंदा म्हणतात? पण तू मुंबईला जाताना लाँचवर कोळणींच्या पाट्या बघितल्या होत्यास. बर्फ मुंबईहून भुशात भरून यायचा, इथे पोचेपर्यंत भुसा आणि पाणी. मुंबईच्या धक्क्यावर पोचेपर्यंत मासळी वास मारायला लागायची आणि बाया ती मिळेल त्या भावाला टाकून रिकाम्या पाट्या घेऊन परत. "माझ्या आवाजाचं मना पैसं देतात," तू म्हणालास, "आन् ह्यांची मासली कुजते." आणि तू कारखाना काढलास. पहिली लादी निघाली तेव्हा तू ती पोत्यात गुंडाळून, खांद्यावर टाकून माझ्या दारात आणलीस आणि उंबऱ्यावर आपटलीस. माझ्या बायकोने, यमुनेने, त्यातला तुकडा उचलून गालाला लावला. माझी यमुना असं काही करेल हे मला माहीत नव्हतं.

ती गेली त्या वर्षाचं तुला कधी बोललो नाही. आपल्यात ते बोलायची पद्धत नाही. पण आता ऐक. त्या वर्षी मी कुणाशी बोलत नव्हतो. मिठागरावर हाताने खुणा करायचो. भाऊ आले, सोयरे आले, समजावून गेले, मी भिंतीकडे बघत होतो. तू समजावायला आला नाहीस. दुपारी आलास, दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "दम तुटला नव्हता." दुसऱ्या दिवशी परत. तुला रेडिओवर जायचं असलं तर तू सकाळच्या लाँचआधी यायचास, एवढं बोलायचास आणि निघायचास. एक दिवस मला इतका संताप आला की मी ओरडलो, "तुटला होता, तुटला होता, मी माझ्या कानांनी ऐकलाय." आणि रडायला लागलो. तू चूल पेटवून चहा केलास. घाण केला होतास. त्या दिवसापासून मी माणसात आलो. महादू, मला त्या भांडणावर जगवलंस रे तू. आणि मग मध्येच उठून गेलास.

त्या दुपारी आपण इथेच होतो. तू म्हणत होतास, "तू लांब होतास. रेषेच्या त्या टोकाला. लोकं बोंबलत होती. माझ्या तोंडाशी कान आणला असतास तर कळलं असतं." हे नवीन होतं, याआधी तू हा मुद्दा काढला नव्हतास. मी त्यावर चांगलं उत्तर जमवत होतो. तेवढ्यात आत फट्‌कन आवाज झाला आणि दारातून पांढरा लोट बाहेर आला. बर्फ गोठवायच्या अमोनिया वायूचा नळ फुटला होता. नाकात, डोळ्यांत सुया. माणसं धडपडत बाहेर पळाली आणि कुणी तरी म्हणालं, नामदेव आत राह्यला. बर्फाचे डबे उपसायचा तो, पार मागल्या टाकीवर.

तू काय केलंस ते मी रोज बघतो. डोळे मिटले की बघतो. टॉवेल पिंपात बुडवलास, तोंडावर बांधलास. इथपर्यंत शहाण्यासारखं केलंस. मग वाकलास, उंबऱ्याला हात लावलास, तो कपाळाला लावलास. मी ओरडलो, अरे थांब. तू उजवा पाय आत टाकलास, टॉवेल हाताने गळ्यापर्यंत खाली ओढलास, आणि आतून तुझा आवाज आला. हुतूतू. हुतूतू. हुतूतू.

तोंड बंद ठेवून गेला असतास तर. छातीत श्वास भरून, ओलं फडकं दाबून, आत जाऊन बाहेर. तेवढा दम तुझ्यात अजून होता, मला खात्री आहे. पण नाही. तिथे कोण पंच बसला होता तुला बाद द्यायला? मी दारात होतो, खोकत होतो, डोळ्यांतून पाणी, बाजूच्या शेडमध्ये इंजिन धडधडत होतं आणि ते बंद करायचं कुणाला सुचत नव्हतं. तुझा आवाज आत आत गेला. वळला. परत यायला लागला. आणि थांबला. मी ऐकला थांबलेला. मग नामदेव दारातून अंगावर पडला, आणि त्याच्यामागे उंबऱ्याच्या अलीकडे तुझा हात आला. फक्त हात. मी तोच धरून तुला ओढला, माझ्या डाव्या हाताने. बायांनी तुझ्यावर पाणी ओतलं, तुझ्याच बर्फाचा चुरा तोंडावर चोळला. तुझी बोटं माझ्या हातात होती आणि ती आवळत नव्हती.

त्यानंतर मी तुला जेवढ्या शिव्या दिल्यात तेवढ्या उभ्या जन्मात दिल्या नसतील. स्मशानातसुद्धा. सगळे रडत होते आणि मी मनात म्हणत होतो, मिजासखोर, मरतानासुद्धा खेळ दाखवायचा होता तुला. भुवई उडवायची होती. वहिनीसमोर जायला मला तोंड नव्हतं. तिने विचारलं असतं, शेवटी काय बोलले, तर काय सांगणार होतो? भटजींनी परस्पर सांगून टाकलं होतं, की तू हर हर म्हणत आत गेलास. गावाने ते मानलं. मी ते खोडून काढलं नाही.

मग मी नामदेवला बघायला दवाखान्यात गेलो. डोळ्यांवर पट्ट्या, तोंड सुजलेलं. माझा आवाज ऐकून उठून बसला. मी त्याला विचारणार नव्हतो, पण विचारलं. म्हटलं, तुला जवळ घेतल्यावर तरी त्याने फडकं वर का घेतलं नाही?

तो म्हणाला, "फडकं घेतलं असतं तर आवाज कसा आला असता, मुकादम? मना काय दिसतच नव्हतं. डोलं गेलं व्हतं. मी पार उलटा चाललो व्हतो, टाकीकडं. मंग हुतूतू ऐकू आलं. म्हटलं, म्हादूशेट हाय. त्या आवाजामागं चाललो."

खाटेच्या कडेवर बसलो. आठवत असेल तुला, अमावास्येच्या काळोखात खाडीपलीकडून यायचो तेव्हा पुढचा माणूस गात यायचा, मागच्यांना वाट कळावी म्हणून. आपण सगळेच तसे आलोय. आणि मला, शहाण्याला, कारखान्याच्या दारात ते सुचलं नाही. मला फक्त खेळ दिसला.

मी म्हटलं, "पण मध्येच थांबला ना? मी ऐकला थांबलेला."

"न्हाय थांबला." नामदेव चिडला माझ्यावर. "थांबला असता तर मी आज हितं असतो? बारीक झाला. पार बारीक. पन व्हता. माझ्या कानाशी व्हता, मना दारात ढकललं तवर व्हता. तुमी लांब व्हतात, मुकादम."

लांब होतात. तुझाच शब्द, महादू, तुझ्या शेवटच्या दुपारचा, आणि त्याला तो कुणी सांगितला नव्हता.

काल तेराव्याला तुझ्या अंगणात मुंबईहून आलेले रेडिओचे एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. चांगला माणूस आहे, तुझ्यावर माया आहे त्याची. म्हणाला, एवढा दमाचा माणूस, पण अखेरच्या क्षणी दम अपुरा पडला. लोकांनी माना हलवल्या. कुणी चुकचुकलं. आणि मी उठलो. कसा उठलो ते मला कळलं नाही, गुडघा धरून, कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून. म्हटलं, "दम तुटला न्हाय." सगळे वळले. मी म्हटलं, "तो हर हर म्हणत नव्हता. हुतूतू म्हणत व्हता, नामदेवला वाट कळावी म्हणून. आन् नामदेवला बाहेर ढकलीपर्यंत आवाज चालू व्हता. मी पंच हाय. मी सांगतो. दम तुटला न्हाय."

माजघराच्या दाराआड बाया होत्या. त्यांतून शेवंती वहिनी पुढे आली. इतके दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. माझ्याकडे सरळ बघितलं तिने.

"कंच्या दिसाचं सांगताव, भावजी?" ती म्हणाली. "ह्या दिसाचं, का त्या दिसाचं?"

तिलाही माहीत होतं रे. किती वर्षं तू घरी जाऊन तिच्यापुढे तेच बोलत असशील. मी अंगणात उभा, सगळा गाव बघतोय. जत्रेच्या त्या दिवसाचं मला आजही ठाऊक नाही. मी रेषेच्या टोकाला होतो, लोक ओरडत होते, आणि तुझ्या तोंडाशी माझा कान नव्हता. ज्याचा होता तो तूच, आणि तुला विचारायची आता सोय नाही. नामदेवसारखं सांगणारं त्या दिवशी कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "दोनी दिसांचं."

वहिनीने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. आतून तिचं रडणं ऐकू आलं, तू गेल्यापासून पहिल्यांदा. बायांनी तिला रडू दिलं.

झालं तुझ्या मनासारखं? सगळ्या गावासमोर निकाल फिरवला मी. जन्मात कधी फिरवला नव्हता. आता ये, भुवई उडव. दारात उभा राहा न् म्हण, पंचा, बघ, सांगत होतो. मी काही बोलणार नाही, शपथ. एकदा ये.

नाहीतर असं कर, मला खोटं ठरव. सांग, तुटला होता त्या दिवशी, तूच बरोबर होतास. काहीही सांग. कुलपाकडे बघत बसलोय, इंजिन गप्प आहे, आणि तुझ्या बाजूचं सगळं मी मान्य करून बसलोय. भांडायला काही ठेवलंच नाही. उद्या दुपार होईल, महादू, मी सवयीने इथे येईन, टोपी काढून गुडघ्यावर ठेवीन. मग काय बोलू?